गटाराकडेची सायकल रस्त्यावर आणा

हॅरिस पुलावर पहाटे सहाच्या सुमारास उभे राहावे. बोपोडीकडून दापोडीकडे आणि दापोडीकडून खडकीकडे सायकलवरून कामाला निघालेली माणसे दिसतात. हँडलला डब्याची पिशवी, कॅरिअरला बांधलेला रेनकोट, अंगात सिक्युरिटीचा नाहीतर हाऊसकीपिंगचा गणवेश. आमच्या वडिलांच्या काळी हीच माणसे हजारोंनी असत. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जाई आणि मोटारवाल्यालाच थांबावे लागे. तेव्हा पुण्याला सायकलींचे शहर म्हणत. आज सायकलवाला एकटा पडला आहे आणि एकटा पडलेला माणूस कडेला सरकतो. पुलावरच्या त्या माणसांकडे नीट पाहा. एकही जण रस्त्यावरून चाललेला नाही. सगळे डांबर संपते तिथल्या खडीवरून, गटाराच्या झाकणांवरून, उभ्या गाड्यांना खेटून चालले आहेत. जणू रस्ता दुसऱ्या कोणाचा आहे आणि यांना तेवढ्यापुरती परवानगी मिळाली आहे.

आम्हीही असेच चालवत होतो. भोसरीच्या एका छापखान्यात नोकरी, घर दापोडीत. जाऊन-येऊन सायकल. दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात कासारवाडीजवळ, सर्व्हिस रोडला उभ्या असलेल्या एका मोटारीचे दार अचानक उघडले आणि आम्ही त्यावर आदळून रस्त्यावर पडलो. मागून टेम्पो येत होता. त्याच्या चालकाने ब्रेक दाबला म्हणून हा लेख लिहिता येतो आहे. खांद्याचे हाड मोडले, सहा आठवडे घरी बसलो, त्या सहा आठवड्यांचा पगार बुडाला. मोटारवाला खाली उतरून प्रथम आपल्या दाराकडे पाहू लागला. तिथे आलेल्या हवालदाराने आम्हाला एकच प्रश्न विचारला, "सायकल कडेने चालवायला काय झालं होतं?"

आम्ही कडेनेच चालवत होतो! कडेने चालवत होतो म्हणूनच ते दार लागले. उभ्या गाडीपासून हातभर अंतर सोडून चालवत असतो तर दार उघडले असते आणि आम्ही पुढे निघून गेलो असतो. हे गणित आम्हाला इस्पितळाच्या खाटेवर सुचले. एवढी वर्षे सायकल चालवून ते आधी का सुचले नाही? कारण कडेला असणे म्हणजे सुरक्षित असणे, असे आमच्या अंगात भिनलेले होते. ते कोणी भिनवले, याचाही विचार करावा लागेल.

वाचकहो, रस्ता ही आपल्या समाजासाठी कधीच साधी गोष्ट नव्हती. याच पुण्याच्या रस्त्यांवर पेशवाईत अस्पृश्याला गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात जगासमोर मांडले. त्रावणकोरात वैकोमला १९२४ साली सत्याग्रह झाला तो देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी. रस्त्याने चालणे हाच तेव्हा गुन्हा होता.

आणि सायकल? तामिळनाडूसह देशाच्या अनेक भागांत सवर्णांच्या आळीतून जाताना दलिताने सायकलवरून खाली उतरायचे, सायकल हाताने ढकलत न्यायची आणि आळी संपली की पुन्हा बसायचे, असा दंडक होता. बसून गेला तर मार. ही फार जुनी गोष्ट नव्हे. म्हणूनच २०१५ साली अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा सार्वजनिक ठिकाणी आपल्या माणसाला सायकल वा मोटारसायकल चालवण्यास अडवणे हा गुन्हा म्हणून स्पष्ट शब्दांत लिहावा लागला. २६ जानेवारी २०१६ पासून ती तरतूद लागू आहे. सायकलवर बसू देत नाही हा शिक्षापात्र अत्याचार आहे, असे ज्या देशात कायद्याला सांगावे लागते, त्या देशात सायकल हे केवळ स्वस्त वाहन राहत नाही.

त्याआधी, आपल्या संविधानाने हा रस्ता आपल्या नावे केलेला आहेच. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीला रस्तेही आहेत. सरकारी पैशातून ठेवलेल्या रस्त्याच्या वापरावर जातीच्या कारणाने कोणालाही निर्बंध घालता येणार नाही, असे ते सांगते. चवदार तळ्याचे पाणी जितके आपले, तितकाच रस्ताही आपला. शहरात आज आपल्याला सायकलवरून कोणी उतरवत नाही, हे खरे. पण कोणी न उतरवताच आपण गटाराकडे सरकतो, त्याचे काय?

इथे कोणी म्हणेल, स्वाभिमान दाखवायला हायवेच्या मधोमध सायकल घालायची काय? तसे आम्ही म्हणत नाही. याचे उत्तर बाबासाहेबांच्याच आयुष्यात आहे. १९२९ साली खानदेशातील एका गावच्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायचे तर एकही टांगेवाला महाराला टांग्यातून न्यायला तयार होईना. पाहुण्यांना पायी नेणे वस्तीतल्या लोकांना कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा तेवढा भाड्याने मिळाला आणि तो हाकायला वस्तीतलाच एक माणूस बसला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. वाटेत मोटारीखाली येता येता टांगा वाचला आणि पुढे नदीवरच्या फरशीवर चाक अडकून बाबासाहेब दगडांवर फेकले गेले. पाय मोडला. घोडा टांग्यासकट नदीत गेला. पुढे आठवणी लिहिताना बाबासाहेबांनी आपल्या माणसांच्या प्रेमाविषयी शंका घेतली नाही, पण आपली प्रतिष्ठा राखण्याच्या नादात या लोकांनी आपला जीवच धोक्यात घातला, हे त्यांनी नोंदवून ठेवले.

आम्ही ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलो. त्यात टांगेवाल्याचा विटाळ दिसला, तो दिसलाच पाहिजे. पण दुसरी गोष्ट उशिरा कळली. मान मिळवायचा तर चाक हाती धरण्याचे कसबही मिळवावे लागते. शिकल्याशिवाय हाकलेला टांगा फरशीवरून खाली जातो, आणि भीतीने गटाराकडेला धरलेली सायकल मोटारीच्या दारावर आदळते. दोन्हीकडे मोडते ते आपलेच हाड. म्हणून आज सायकल चालवण्याच्या कसबाबद्दलच बोलायचे आहे.

पहिली गोष्ट सायकलीची. कामावर जायची सायकल म्हणजे आपले अवजार आहे. गवंडी थापी धुतल्याशिवाय ठेवत नाही, तसे सायकलीचेही असावे. रात्री दोन मिनिटे द्या. दोन्ही चाकांत हवा, दोन्ही ब्रेकचे रबर, चेनला तेल, घंटी वाजते की नाही. ब्रेक दाबल्यावर लिव्हर हँडलला टेकत असेल तर ती सायकल रस्त्यावर काढू नका. सीट इतकी उंच असावी की पायडल खाली गेल्यावर गुडघा जरासाच वाकलेला राहील. बुटक्या सीटवर गुडघे दुखतात आणि माणूस लवकर दमतो. डबा हँडलला अडकवू नका. वळणावर तो झोके घेतो, कधी चाकाच्या तारांत जातो. कॅरिअरला बांधा. डोक्याला हेल्मेट जमेल तसे घ्याच. पण हेल्मेट पडल्यावर उपयोगी पडते. न पडण्यासाठी पुढच्या गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट दिसण्याची. आपली बहुतेक माणसे पहिल्या नाहीतर तिसऱ्या पाळीला जातात. म्हणजे रस्ता अंधारात तुडवतात. पूर्वी सायकलला दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचा. तो जाच होता, पण दिवा असायचा. आता पोलीसही विचारत नाही आणि दिवाही नाही. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, मागच्या मडगार्डवर आणि पायडलांवर चमकणाऱ्या पट्ट्या, अंगात फिकट रंगाचा शर्ट. ट्रकवाल्याला तुम्ही दिसलाच नाहीत, तर तो तुमच्यासाठी ब्रेक दाबणार कसा?

तिसरी गोष्ट जागेची, आणि आमच्या मते तीच सर्वांत मोठी. डावीकडून चालवा, पण गटारावरून नको. डांबराच्या कडेपासून साधारण मीटरभर आत राहा. तिथे खडी नसते, झाकणे नसतात, खड्डा आला तर डावीकडे सरकायला जागा उरते. अगदी कडेला असाल तर मागची मोटार तुम्हाला घासून पुढे जायचा मोह धरते. जरा आत असाल तर तिला तुमची दखल घेऊन, अंतर ठेवून जावे लागते. उभ्या गाड्यांपासून दाराच्या रुंदीएवढे अंतर सोडा. रांगेत एखादी जागा रिकामी दिसली म्हणून आत शिरून पुन्हा बाहेर येऊ नका. सरळ रेषेत चला. मागच्याला तुम्ही पुढच्या क्षणी कुठे असाल हे कळले पाहिजे. आणि उलट्या बाजूने कधीही नाही. 'समोरून येणारी गाडी दिसते' ही समजूत खोटी आहे. वळणावर समोरचा तुम्हाला शोधतच नसतो आणि धडक दोघांच्या वेगाची होते.

चौथी गोष्ट वळण्याची. उजवीकडे वळायचे तर आधी मान वळवून मागे पाहा, मग हात दाखवा, मग हळूहळू आत या. हात दाखवला आणि त्याच क्षणी वळलो, असे करू नका. चौक मोठा असेल, मन घेत नसेल, तर सरळ पलीकडे जा, खाली उतरा आणि पायी रस्ता ओलांडा. नाशिक फाट्यासारख्या ठिकाणी आम्ही आजही उतरतो. इथे उतरण्यात कमीपणा नाही. दुसऱ्याने उतरवणे वेगळे आणि आपण ठरवून उतरणे वेगळे.

पाचवी गोष्ट बस आणि ट्रकची. त्यांच्या डाव्या अंगाने पुढे घुसू नका. सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या डाव्या बाजूला जी फट दिसते, ती मरणाची जागा आहे. ट्रक डावीकडे वळू लागला की पुढचे चाक निघून जाते आणि मागची चाके आत सरकतात. उंच केबिनमधल्या चालकाला तुम्ही दिसत नाही. त्याच्या मागे थांबा. एका सिग्नलचा उशीर झाला तर कंपनीत फार तर लेटमार्क लागेल.

पावसाळ्याचे वेगळे. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतात. म्हणून उतारावर थोडा आधीपासून हलका ब्रेक धरून रिम कोरडी करून घ्या. दोन्ही ब्रेक एकदम वापरा, नुसता पुढचा करकचून दाबलात तर हँडलवरून पुढे पडाल. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणे, पडलेली पाने यांवर वळू नका, ब्रेक मारू नका. साचलेले पाणी दिसले तर खाली खड्डा आहे असेच धरून चाला.

नवशिक्याने सोमवारी पहिल्या पाळीला निघू नये. रविवारी सकाळी कामाच्या वाटेवर एक फेरी मारून पाहावी. हायवे टाळून आतल्या वस्त्यांमधून रस्ता निघतो का, हे शोधावे. दहा मिनिटे जास्त लागली तरी चालतील. आणि शक्य असेल तिथे एकटे जाऊ नये. एका वस्तीतून एकाच पाळीला जाणारे चार-पाच जण एकामागे एक निघाले तर त्यांना रस्ता मिळतो. खडकीच्या भोंग्याच्या वेळी आमच्या वडिलांना जे बळ होते ते याच संख्येचे होते.

आपल्या आयाबहिणींविषयी बोलायलाच हवे. सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या, ऑफिसे झाडणाऱ्या किती बाया तीन-तीन किलोमीटर पायी जातात! घरात सायकल असते, पण ती मुलाची. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेतच बायकांना सायकल शिकवली गेली आणि हजारो कष्टकरी बाया सायकलवर बसल्या. तिथल्या खेड्यांत जे झाले ते आपल्या वस्तीत का होऊ नये? पदर खोचून घ्यावा, ओढणी गाठ मारून मागे बांधावी, चेनला पूर्ण कव्हर असलेली सायकल घ्यावी. बाकी तोल सांभाळणे त्यांना कोणी शिकवायला नको. घर तर त्याच सांभाळतात!

एवढे सगळे करूनही जबाबदारी फक्त सायकलवाल्याची आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यात पायी चालणारे ३२ हजारांहून जास्त आणि सायकलस्वार साडेचार हजारांहून जास्त होते. ही काही मोटारी घेऊन फिरायला निघालेली माणसे नव्हेत. २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने कामावर जात होते, २२ टक्क्यांहून अधिक पायी, आणि मोटारीने जाणारे तीन टक्केही नव्हते. पण उड्डाणपूल कोणासाठी बांधले गेले? वाहने नव्हे तर माणसे हलवायची, असे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने सांगितले. त्याच सुमारास पुण्यात बीआरटी आली, तिच्या कडेने सायकल मार्ग आखले गेले. २०१७ साली महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर केला. कागदावर सायकल आहे. जागेवर जाऊन पाहा, त्या मार्गांवर कुठे मोटारी उभ्या आहेत, कुठे डीपीचा खांब आहे, कुठे मार्गच मध्ये संपतो. सायकल मार्गाचा पैसा आपल्याही करातून गेला आहे. त्याचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागता येतो आणि मते मागायला येणाऱ्या नगरसेवकाला तोंडावर विचारता येतो.

कंपन्यांचेही तेच. आम्ही पूर्वी ज्या कंपनीत होतो तिथे साहेबांच्या मोटारींना शेड होती आणि सायकली गेटबाहेर कंपाऊंडला टेकवून ठेवाव्या लागत. चोरी झाली तर कंपनी जबाबदार नाही, अशी पाटी मात्र होती. युनियनच्या मागण्यांच्या यादीत सायकल शेड आम्ही कधी लिहिली नाही, कारण सायकलवाल्यालाच लाज वाटायची. कर्ज काढून मोटारसायकल घेणाऱ्याला आम्ही नावे ठेवत नाही. पण सायकल ही गरिबीची खूण आहे, म्हणून हप्त्यांत अडकणे हा स्वाभिमान नव्हे. सायकलला परवाना लागत नाही, पेट्रोल लागत नाही, पासिंग लागत नाही. हप्त्याचे पैसे मुलीच्या शिक्षणाला गेले तर काय बिघडले?

आणि अपघात झालाच तर गप्प बसू नका. आम्ही बसलो, ती चूक झाली. मोटारीचा नंबर लिहून घ्या, पोलिसांत नोंद करा, इस्पितळाचे कागद जपा. धडक देणाऱ्या वाहनाच्या विम्यातून मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा. वाहन पळून गेले आणि सापडले नाही तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. त्याचा अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे होतो. घरून कामावर जाताना वा परतताना झालेला अपघात, नोकरीशी त्याचा संबंध दाखवता आला तर, नोकरीतलाच अपघात धरला जातो. ईएसआय कायद्यात हे २०१० पासून होते, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. उस्मानाबाद जिल्ह्यातील साखर कारखान्याचा एक पहारेकरी २००३ साली कामावर जाताना दुचाकीच्या अपघातात गेला. त्याच्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये न्याय दिला. बावीस वर्षे त्या घराने दावा सोडला नाही. आपल्या वस्तीत असे किती दावे दाखलच झाले नसतील!

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वस्तीत विहार आहे आणि विहारासमोर मोकळी जागा आहे. रविवारी वंदनेनंतर तासभर तिथे सायकल शिकवा. वस्तीतला पंक्चरवाला ब्रेक तपासून देईल, एखादा वकील दाव्याचा अर्ज समजावून सांगेल, तरुण पोरे चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवून देतील. जयंतीच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढले तर वस्तीतल्या प्रत्येक सायकलला मागचा लाल दिवा लागेल. यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहायला नको.

खांदा बरा झाल्यावर आम्ही पुन्हा सायकलवर बसलो. पहिल्या दिवशी हात थरथरत होते. आता कडेपासून मीटरभर आत चालवतो. मागून हॉर्न वाजतो, वाजू द्या. हॉर्न वाजला म्हणजे त्याने आपल्याला पाहिले. परवा पुलावर एका तरुण वॉचमनला गटाराच्या झाकणांवरून सायकल नेताना पाहिले. आम्ही त्याला म्हणालो, "जयभीम दादा, जरा आत या, रस्त्यावर या." तो हसला आणि आत आला. नाशिक फाट्यापर्यंत आम्ही एकामागे एक गेलो. उद्या तिसरा यावा, परवा दहावा.

जयभीम!